हॅरिस काउंटीचा पूर : नियोजन कोणासाठी?



नैसर्गिक आपत्तीचा प्रश्न निघाला की सत्ताधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : निसर्गापुढे कोणाचे काय चालणार? या उत्तराची पारख करण्यासाठी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील हॅरिस काउंटीकडे पाहावे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्याशी मिळतेजुळते प्रशासकीय क्षेत्र. ह्यूस्टन महानगर बहुतांशी याच काउंटीत आहे. २००० साली तिची लोकसंख्या ३४ लाख होती. २०२० साली ती ४७ लाखांवर गेली.

पूर तेथे नवा नाही. १९२९ आणि १९३५ च्या महापुरांनंतर १९३७ साली काउंटीसाठी स्वतंत्र पूरनियंत्रण यंत्रणा स्थापन झाली. चाळीसच्या दशकात लष्कराच्या अभियंता विभागाने शहराच्या पश्चिमेस ॲडिक्स आणि बार्कर ही धरणे बांधली. एरवी कोरडे असणारे त्यांचे जलाशय अतिवृष्टीत पाणी अडवून शहराचे रक्षण करतात. परंतु जलाशय तुडुंब भरल्यास जेवढी जमीन पाण्याखाली जाईल, तेवढी सरकारने विकत घेतलीच नाही. उरलेली जमीन खाजगी मालकीत राहिली आणि शहर वाढताच तिच्यावर वसाहती उभ्या राहिल्या. शेजारच्या फोर्ट बेंड काउंटीतील काही वसाहतींच्या नकाशांवर तर जमीन पाण्याखाली जाण्याचा संभव असल्याची टीपही होती. धोका सरकारी दप्तराला ठाऊक होता. घर घेणाऱ्या अनेकांना नव्हता.

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळ आले. चार दिवसांत काउंटीवर सरासरी ३० इंचांहून अधिक पाऊस कोसळला. सुमारे १ लाख ५४ हजार घरांत पाणी शिरले. त्यांपैकी सुमारे ७० हजार घरे सरकारी पूररेषांच्या बाहेर होती. जलाशयांच्या पोटातील हजारो घरे बुडाली आणि दरवाजे उघडताच खालच्या अंगाची घरेही पाण्यात गेली.

पाऊस निसर्गाचा होता. पण कोणाचे घर कोठे असावे, हे निसर्गाने ठरविले नव्हते. ह्यूस्टनमध्ये जमीन वापराचे विभागीकरण नाही आणि टेक्सासमधील काउंट्यांना याबाबत अत्यंत मर्यादित अधिकार आहेत. म्हणजे बुडालेल्यांना बाहेर काढण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेची, परंतु बांधकामाची जागा ठरविणार जमीनमालक आणि बांधकाम कंपन्या!

पुरानंतर जनमताच्या रेट्याने काही पावले पडली. २०१८ साली घरांच्या जोत्याच्या उंचीचे नियम कडक झाले. त्याच वर्षी २५ ऑगस्टला मतदारांनी अडीच अब्ज डॉलरच्या पूरनिवारण कर्जरोख्यांना प्रचंड बहुमताने संमती दिली. लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला : आधी कोणाचा नाला रुंद करावयाचा? वाचणाऱ्या मालमत्तेच्या किमतीवर अग्रक्रम लावला, तर महागड्या वस्त्या नेहमीच पुढे राहतात आणि गरिबांच्या वस्त्या मागे. म्हणून २०१९ साली काउंटीने रहिवाशांची सामाजिक दुर्बलताही निकषांत समाविष्ट केली.

नगरपालिकांत आणि जिल्हा परिषदांत काम करणाऱ्या कॉम्रेडांनी यातून तीन प्रश्न उचलावेत. धोक्याचे नकाशे जनतेसमोर उघड आहेत काय? पाण्याच्या वाटेवरील बांधकाम नाकारण्याचा अधिकार स्थानिक संस्थेला आहे काय, आणि ती तो वापरते काय? निधीचा अग्रक्रम माणसांवर ठरतो की मालमत्तेवर? हे प्रश्न पूर येण्यापूर्वीच सभागृहात विचारले गेले पाहिजेत.