दोन तोंडांचा देव आणि आपली दारे



आज इथे येताना आपण प्रत्येकाने घरचा उंबरा ओलांडला. प्राचीन रोममधला माणूस असा बाहेर पडला, तर त्याच्या दाराला स्वतंत्र देव होता. त्याचे नाव यानुस. जानेवारी महिना त्याच्याच नावाचा. या देवाला दोन तोंडे: एक पुढे पाहणारे, एक मागे पाहणारे. प्रार्थनेत त्याचे नाव आधी घ्यावयाचे, देवांचा राजा ज्युपिटर याच्याही आधी.

हे ऐकताच आपल्याला गणपती आठवेल. सर विल्यम जोन्स यांनाही तो आठवला, आणि 1784 साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी या दोघांची तुलना केली. आपल्या चौकटीच्या गणेशपट्टीवर गणपती असतो, कार्यारंभी मानही त्याचाच. तरीसुद्धा दोघे एक नव्हेत. गणपती विघ्न दूर करतो. यानुस हा साक्षात येण्याजाण्याचा देव. खरे नाते आहे ते शब्दांत. यानुस या नावाचा मूळ धातू ‘जाणे’ या अर्थाचा, संस्कृत ‘या’ धातूचा भाऊबंद. आपले मराठी ‘जाणे’ त्याच ‘या’पासून आले. म्हणजे दार हे मुळात अडवण्यासाठी नव्हे, जाण्यासाठी!

रोमच्या चौकात या देवाचे एक देऊळ होते. युद्ध चालू असले की त्याची दारे उघडी, शांतता झाली की बंद. ऑगस्टसने अभिमानाने नोंदवून ठेवले आहे, की नगर वसल्यापासून आपल्या जन्मापर्यंत ती दोनदाच मिटली, आणि आपल्या कारकिर्दीत तीनदा.

आता आपल्या शहराकडे वळू. याला बावन्न दरवाजांचे शहर म्हणतात. मलिक अंबरने मोगलांवरील विजयाची खूण म्हणून 1612 साली भडकल दरवाजा बांधला. पुढे 1682 साली औरंगजेबाने शहराभोवती तट घातला. तटाच्या आतल्या माणसाला दरवाजा म्हणजे निर्धास्त झोप. पण आपली मुकुंदवाडी तटाबाहेरची. दिवस मावळल्यावर वेशीशी पोचणाऱ्या वाटसरूला तोच दरवाजा म्हणजे मिटलेली फळी. दार एक, पण त्याची तोंडे दोन, ती अशी.

याहून कठीण दार पंढरपूरचे. महाद्वारात नामदेवांची पायरी आहे, आणि तिच्यासमोर, देवळाबाहेर, चोखोबांची समाधी. चोखोबांनी ते दार जन्मभर बाहेरूनच पाहिले. आत उभ्या असलेल्यांना ते पावित्र्याचे रक्षण वाटे. बाहेरच्याला तो अपमान होता. शेकडो वर्षे आतल्यांनी दाराचे एकच तोंड पाहिले. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा ते दार सर्वांना उघडण्याचा निर्णय झाला. गुरुजींनी निराळे काय केले? आत जाण्याचा हक्क असलेल्या माणसाने बाहेर उभे राहून दार पाहिले.

आपल्या शहराचा तट बराचसा गेला, कित्येक दरवाजेही गेले. जे उरले ते जतन करावेत, हे तर खरेच. परंतु तट पडला म्हणून मनातली वेस पडतेच असे नाही. घर भाड्याने देताना आपण आधी आडनाव विचारतो, तेव्हा ती वेस पुन्हा उभी राहते. घरी परताल तेव्हा दार उघडण्यापूर्वी क्षणभर बाहेर थांबा. आपले दार परक्याला कसे दिसते, ते एकदा पाहा. यानुसला दुसरे तोंड आहे ते याचसाठी, असे मला वाटते.