रेझिनचं मॉडेल आणि अल खर्जची कोरडी हवा

प्लॅस्टिकच्या किटचं सिमेंट रेझिनला चालत नाही. ते पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतं, रेझिन ढिम्म. इथे हवा सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपल्या फेविक्विकच्या जातीचा गोंद. तो हवेतल्या, पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतो. म्हणून रियाधच्या दक्षिणेला, अल खर्जच्या रखरखीत उन्हाळ्यात तो रेंगाळतो. अशा वेळी जास्त ओतायचा मोह होतो. थर उलट पातळच ठेवा. जड भागांना मला दोन नळ्यांचं इपॉक्सी बरं वाटतं, जुळवाजुळवीला वेळ मिळतो. पण आधी सुटे भाग भांड्यांच्या साबणाने धुवा. साच्याचा तेलकटपणा राहिला तर काहीच धरत नाही. पॉलिश पेपर ओला करूनच घासा, मास्क लावा. घासताना निघणारी रेझिनची भुकटी फुप्फुसांना वाईट. आणि गोंदाची बाटली उन्हातल्या गाडीत नको.