वाचता येते, पण कळते का?



आपल्या नवीन पनवेलात घरी उर्दू किंवा कोकणी आणि शाळेत मराठी, अशी पुष्कळ मुलांची स्थिती आहे. मूल धडा खडाखडा वाचते. गणिताचे शाब्दिक उदाहरण आले की अडते. आपण म्हणतो, ‘याचे गणित कच्चे आहे.’ पण खरोखर गणितच अडते की वाक्य?

हे उदाहरण पाहा : ‘दुकानदाराने शिक्षकांनी मागवलेल्या ४० वह्यांपैकी १५ पाठवल्या. किती राहिल्या?’ वजाबाकी दुसरीतल्या मुलाला येईल. परंतु दुकानदाराने काय केले, हे शेवटच्या शब्दावर कळते. तोपर्यंत त्याला मनात धरून ठेवावे लागते आणि मध्येच शिक्षक येतात. मागवले कोणी, पाठवले कोणी, याची गल्लत होते ती येथेच.

माणसाला वाक्य कसे कळते, हाच प्रा. श्रवण वसिष्ठ यांचा अभ्यासविषय. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिकलेले हे गृहस्थ पुढे जर्मनीतील पोट्सडॅम विद्यापीठात प्राध्यापक झाले. हिंदी वाक्यांवरील त्यांचा ग्रंथ २००३ साली निघाला. वाचक कोणत्या शब्दावर किती वेळ थबकतो, हे त्यांनी मोजले. ‘को’ लागलेली नामे ओळीने आली की वाचन मंदावते, असे त्यांना आढळले. म्हणजे अशा वाक्यात मोठी माणसेही थबकतात. थबकणारे मूल मंद नव्हे.

हिंदीचे हे अनुमान उर्दू बोलणाऱ्या घरांनाही उपयोगी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील भाषाशास्त्रज्ञ डॉ. अशोक केळकर (१९२९–२०१४) यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात हिंदी-उर्दूचा एकत्र विचार केला आणि दोहोंसाठी ‘हिर्दू’ हे एकच नाव योजले. मराठीतही उर्दूप्रमाणेच क्रियापद बहुधा शेवटी येते. तेव्हा घरची भाषा मराठीच्या आड येत नाही. उलट हात देते.

विद्यार्थी मित्रहो, लांब वाक्य आले की प्रथम शेवटचे क्रियापद गाठा, मग त्याचा कर्ता शोधा. पालकहो, मुलाला विचारा : कोणी केले? काय केले? कोणासाठी केले? उत्तर घरच्या भाषेत येऊ द्या. जिला मराठी वाचता येत नाही, ती आईही एवढे विचारू शकते, आणि मुलाला वाक्य कळले की नाही, हे तिला उत्तरावरून लगेच समजेल.