आमदाराचा आठवडा : अर्जाकडून धोरणाकडे

(पंचायत समितीचे व ग्रामपंचायतींचे सदस्य, तालुक्यातील अधिकारी आणि शिक्षक यांच्या शिबिरात एका विधानसभा सदस्याने केलेले भाषण.)



संयोजकांनी मला "लोकप्रतिनिधीचे कार्य" हा विषय दिला होता. हा विषय इतका विस्तृत आहे, की त्यावर तासभर बोलूनही काही न सांगण्याची सोय होते. म्हणून मी तो लहान करून घेतला आहे. आमदार आठवडाभर करतो तरी काय, आणि त्यातून जे धोरण म्हणून ओळखले जाते त्याच्यापर्यंत किती पोहोचते, एवढेच मी सांगणार आहे.

आपल्या राज्याच्या विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. वर्षातून तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पी व पावसाळी मुंबईत आणि हिवाळी नागपुरात. वृत्तपत्रांतून आमचे जे दर्शन घडते ते बहुधा या दिवसांतले असते. वर्षातील बाकीचे दिवस मोजले तर तेच अधिक भरतात, आणि माझ्या मते सभागृहातील कामाचा कस त्या बाकीच्या दिवसांत लागतो.

सोमवार हा माझा तालुक्याच्या ठिकाणी बसण्याचा दिवस. सकाळी दहाच्या सुमारास लोक येऊ लागतात. कोणाचा फेरफार अडला आहे, कोणाची मोजणी होत नाही, कोणाच्या वस्तीवरील रोहित्र जळाले आहे, शाळेच्या वेळेची एस. टी. बंद झाली म्हणून मुली घरी बसल्या आहेत, कोणाला बदली हवी आहे, तर कोणाला झालेली बदली नको आहे. दुपारपर्यंत टेबलावर अर्जांचा ढीग होतो. त्यांतील बहुसंख्य कामे वास्तविक माझी नव्हेत. ती तलाठ्याची, मंडळ अधिकाऱ्याची, वीज कंपनीच्या अभियंत्याची असतात. (तलाठ्याचे पदनाम अलीकडे बदलले आहे, परंतु गाव अजून त्यांना तलाठीच म्हणते, तेव्हा मीही तसेच म्हणतो.) तरीही लोक माझ्याकडे येतात. कारण आमदाराचे पत्र जोडले की कागद हलतो, अशी त्यांची समजूत आहे. आणि कबूल करावयास संकोच वाटतो, परंतु ती समजूत सर्वस्वी खोटी नाही.

मंगळवारी व बुधवारी मी बहुधा मुंबईत असतो. मंत्रालयातील फेऱ्या असतात आणि विधान भवनात समित्यांच्या बैठका. लोकलेखा, अंदाज, पंचायती राज, आश्वासन या समित्यांचे काम शांतपणे चालते, म्हणून त्याचा फारसा गवगवा होत नाही. तेथे सचिवांना समोर बसवून फाइल उलगडून विचारता येते. गुरुवारनंतर पुन्हा मतदारसंघ, आढावा बैठका, गावांचे दौरे. रविवारी लग्ने आणि दुखवटे. हे सारे मी तक्रार म्हणून सांगत नाही.

अर्ज वाचण्याची रीत

पहिली काही वर्षे मी आलेला प्रत्येक अर्ज एकाच रीतीने हाताळीत असे. अर्जावर शिफारस लिहावयाची, अधिकाऱ्यास दूरध्वनी करावयाचा आणि पुढचा अर्ज घ्यावयाचा. आता मी अर्ज हातात घेतला, की आधी स्वतःला विचारतो : दोष नेमका कोठे आहे?

पुष्कळदा दोष केवळ विलंबाचा असतो. त्यासाठी २०१५ सालचा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही, तर अपील करता येते. अशा अर्जदाराला मी शिफारसपत्राऐवजी अपिलाचा नमुना देतो. काहींना ते आवडत नाही. आमदाराने आपल्याला वाटेला लावले, असे वाटते.

काही वेळा नियम चांगला असतो, पण तो दुकानापर्यंत पोहोचलेला नसतो. शिधावाटपाचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील माणशी दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळावयाचे आहे. दुकानात ई-पॉस यंत्र आले आणि ज्यांनी जन्मभर खुरपे धरले, विटा उचलल्या, त्या वृद्धांच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनासे झाले. यंत्राने ओळख पटली नाही एवढ्याच कारणाने धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्र शासनाने २०१७ सालीच दिलेल्या आहेत. परंतु दुकानदाराला त्या ठाऊक नसतील, किंवा ठाऊक असूनही नोंदवही लिहिण्याचा कंटाळा असेल, तर म्हातारी रिकामी पिशवी घेऊन परतते. येथे कायदा बदलण्याची गरज नाही. तहसील कार्यालयातून एक स्पष्ट पत्र आणि दुकानाच्या दर्शनी भागी एक फलक पुरेसा आहे.

तिसऱ्या प्रकारचा अर्ज मात्र वेगळा. त्यात कोणाचाच दोष दिसत नाही. अर्जदार खरा, लिपिक सरळ, तहसीलदार नियमाने चालणारे, आणि तरीही अन्याय झालेला असतो. मग समजावे, की दोष नियमात आहे.

सत्तावन्न रुपयांचा प्रश्न

संजय गांधी निराधार अनुदान योजना आपल्या राज्यात १९८० साली सुरू झाली. तिचे अनुदान महिना ६०० रुपये होते त्या काळातील ही गोष्ट आहे. एक विधवा बाई माझ्याकडे आल्या. शेतमजुरी करीत होत्या, पण गुडघ्यांनी काम थांबविले होते. दारिद्र्यरेषेखालील यादीत त्यांचे नाव नव्हते, म्हणून उत्पन्नाचा दाखला आवश्यक होता. दाखला देणाराने चौकशी करून वार्षिक उत्पन्न २४,००० रुपये असे लिहिले. मर्यादा २१,००० रुपयांची. अर्ज नामंजूर झाला.

मी दूरध्वनी केला. आठवड्याभरात नवा दाखला आला. त्यावर उत्पन्न २०,००० रुपये होते. अर्ज मंजूर झाला. बाई पेढे घेऊन आल्या आणि मलाही आपण मोठे काम केले असे वाटले. पुढच्या सोमवारी त्याच गावातील दुसरी बाई आली. तिचा अर्ज त्याच कारणाने फेटाळला होता. ती म्हणाली, "साहेब, त्यांना दिला तसा कमी पैशाचा दाखला मलाही द्यायला सांगा." तिच्या बोलण्यात उपहास नव्हता. सरकारी मदत अशीच मिळते, असे ती समजून चालली होती, आणि तिला तसे शिकविणारा मीच होतो.

त्या रात्री मी साधा भागाकार केला. २१,००० भागिले ३६५. दिवसाला सुमारे ५७ रुपये. ज्या बाईला वर्षातून जेमतेम काही महिने मजुरी मिळते, तिचेही उत्पन्न या आकड्याच्या वर जाते. म्हणजे योजना राबवावयाची तर दाखल्यावर खोटे लिहावे लागते. जो कर्मचारी खरे लिहितो तो निर्दय ठरतो आणि जो खोटे लिहितो तो दयाळू. पुढे कधी चौकशी झाली, तर दयाळू माणूस निलंबित व्हावयाचा. शिक्षक मंडळी येथे आहेत. एखादा नियम सज्जन माणसांना खोटे लिहावयास लावतो तेव्हा गावातील मुले त्यापासून काय शिकत असतील, हे आपण मला सांगावे.

मी तारांकित प्रश्न पाठविला. प्रश्न असा होता, की पात्र निराधार महिला योजनेच्या लाभापासून वंचित राहत आहेत, हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली? छापील उत्तर आले : "हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही." मला प्रथम संताप आला. नंतर उत्तर पुन्हा वाचले आणि ध्यानात आले, की ते तंतोतंत बरोबर आहे. ज्या महिलेचे उत्पन्न २१,००० रुपयांहून अधिक, ती नियमाने पात्रच नाही. पात्र कोणी वंचित नाही! उत्तर लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याची चूक नव्हती. प्रश्न मला विचारता आला नव्हता.

दुसऱ्या वेळी मी तहसील कार्यालयात बसून नामंजूर अर्जांची नोंदवही पाहिली. केवळ उत्पन्नाच्या कारणाने किती अर्ज फेटाळले गेले आणि त्यांतील किती अर्जांवरील उत्पन्न त्या भागातील शेतमजुरीच्या किमान वेतनाहूनही कमी होते, ते टिपून घेतले. मग प्रश्न वेगळा झाला. या मर्यादेची शेवटची फेरतपासणी केव्हा झाली, तिचा किमान वेतनाशी काही संबंध आहे काय, नसल्यास कारणे काय? याला "उद्भवत नाही" असे उत्तर देता येत नाही.

येथे सभागृहाच्या कामकाजातील एक विलक्षण गोष्ट सांगतो. सदस्याला खर्च वाढविण्याचा अधिकार नाही. ज्या विधेयकामुळे शासनाच्या तिजोरीवर भार पडेल, त्याला राज्यपालांची शिफारस लागते. आणि मागण्यांवरील चर्चेत सदस्य मागणी कमी करा असे म्हणू शकतो, वाढवा असे म्हणू शकत नाही. म्हणून निराधार बाईला अधिक मिळावे यासाठी मला त्याच खात्याच्या मागणीत नाममात्र कपात सुचवावी लागली. गावातील एका कार्यकर्त्याने कार्यक्रमपत्रिका वाचून मला विचारले, "दादा, तुम्ही विधवांचे पैसे कापायला निघालात काय?" त्याला समजावून सांगता सांगता अर्धा तास गेला.

निष्पत्ती काय झाली तीही सांगितली पाहिजे. अनुदान २०१९ मध्ये १,००० रुपये आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले. त्यासाठी अनेक सदस्यांनी आणि संघटनांनी प्रयत्न केले होते, माझा वाटा त्यात अल्प आहे. परंतु त्या दोन्ही वेळी उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपयांवरच ठेवण्यात आली. देण्याची रक्कम वाढली, दार मात्र तेवढेच अरुंद राहिले.

चौदा वर्षे

आपल्यापैकी कोणी म्हणेल, की मग या खटाटोपाचा उपयोग काय? मी उत्तरादाखल वि. स. पागे यांचे नाव घेतो. १९६० ते १९७८ या काळात ते विधान परिषदेचे सभापती होते, मंत्री नव्हते. ज्याला अंगमेहनतीचे काम हवे आहे त्याला शासनाने काम दिलेच पाहिजे, ही कल्पना त्यांनी मांडली आणि १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२ साली योजना राज्यासाठी स्वीकारली गेली. त्याच सुमारास दुष्काळ कोसळला आणि १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडीत होती. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शिक्षक बंधूंनो, आपल्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची जी वजावट दिसते, ती याच कराची. शहरातील पगारदाराने गावातील मजुराच्या कामासाठी थोडे द्यावे, हा तिचा मूळ हेतू होता. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

तासगावच्या प्रयोगापासून कायदा अमलात येईपर्यंत चौदा वर्षे लागली. पुढे २००५ साली संसदेने ग्रामीण कुटुंबाला वर्षातून १०० दिवसांच्या रोजगाराची हमी देणारा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव देशापुढे होता. पागे यांनी एकेका मजुराला शिफारसपत्र देण्याचे ठरविले असते, तर त्यांची पत्रे संपली असती, मजूर संपले नसते. अर्थात, मीही पत्रे देणे बंद केलेले नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाला "चौदा वर्षे थांबा" असे सांगता येत नाही. पत्र देतो, पण त्याची नोंद वहीत करतो, आणि एकाच कारणाचे पाच अर्ज दिसले, की तो विषय प्रश्नासाठी बाजूला काढतो.

या कामात आपले साहाय्य मला हवे आहे. ग्रामसभेचे ठराव माझ्याकडे येतात. त्यांत "तरी शासनाने योग्य ती कार्यवाही करावी" असे लिहिलेले असते. अशा ठरावाचे मी काहीही करू शकत नाही. किती कुटुंबे, कोणत्या योजनेत, कोणत्या दिनांकास, कोणते कारण दाखवून नाकारली गेली, एवढे चार रकाने भरून आले, तर तो ठराव मी जवळजवळ जसाच्या तसा प्रश्न म्हणून देऊ शकतो. ज्या गावात लिहिणारे कमी असतील तेथे शिक्षकांनी शाळा सुटल्यावर तासभर द्यावा. मात्र अर्जदार महिलांची नावे सभेत वाचून दाखवू नयेत. अधिकारी मित्रांना विनंती अशी, की नामंजुरीच्या पत्रात केवळ "अपात्र" असा शिक्का न मारता कारण लिहावे. कारण लिहिलेले असले, तर आपण नियमावर बोट ठेवतो. ते नसले, की लोक आपल्यावर ठेवतात.

पुढील अधिवेशनासाठी प्रश्न पाठविण्याची मुदत आता जवळ आली आहे. माझे कार्यालय बाजारपेठेत बस स्थानकासमोर आहे आणि मी सोमवारी तेथे असतो. आपापल्या गावातील कागद त्यापूर्वी आणून द्यावेत. उत्पन्नाच्या मर्यादेचा प्रश्न मी यंदाही पाठविणार आहे.