पडीक नव्हे, राखलेलं रान



इंदुरात जमिनीचं 'डायव्हर्शन' म्हटलं की शेतावर कॉलनी उभी राहणार, हे ठरलेलं. आम्ही दोघांनी टेक्सासमधल्या आमच्या जमिनीचा प्रकार बदलून घेतला, तो मात्र रान राखण्यासाठी.

टेक्सासात राज्याचा प्राप्तिकर नाही. शाळा आणि काउंटी चालतात त्या बऱ्याचशा मालमत्ता करावर. हा कर बाजारभावावर लागतो. शेतजमिनीला मात्र तिच्या उत्पन्नक्षमतेवर. दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक. ऑस्टिनच्या पश्चिमेला आमचं खडकाळ माळरान आहे. तिथे शेजारी गाई चारत, म्हणून ते शेतीत मोडे. शेजारी थकले, त्यांनी गाई विकल्या. बाजारभावाने कर भरणं आम्हाला झेपणारं नव्हतं. जमीन विकायचीच वेळ आली होती.

तेव्हा कळलं, की 1995 साली तिथल्या मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि वन्यजीवांसाठी राखलेली जमीनही करापुरती शेतीच मानली जाऊ लागली. कर कमी होत नाही, वाढत नाही. होता तेवढाच राहतो. अट एक: आदल्या वर्षी जमीन शेतीतच नोंदलेली हवी. ते वर्ष हुकलं, की आधी पुन्हा शेतीचा दर्जा मिळवा, आणि त्यासाठी मागच्या सातपैकी पाच वर्षं शेती झालेली दाखवा! आम्ही 30 एप्रिलच्या मुदतीआधी आराखड्यासह अर्ज दिला.

कामं सात प्रकारची: अधिवास सुधारणे, धूप रोखणे, उपद्रवी भक्षकांवर नियंत्रण, पाणी, खाद्य, निवारा आणि गणना. दरवर्षी किमान तीन करावीच लागतात.

बाबांना हे पटेना. देवासहून फोनवर म्हणाले, "शेत पडीक ठेवायचं आणि त्याला काम म्हणायचं?"

आमचीही चूक झालीच. गवत वाढावं म्हणून सगळीच जुनिपरची झाडं काढायला निघालो होतो. एका जीवशास्त्रज्ञाने थांबवलं. गोल्डन-चीक्ड वॉर्बलर हा सोनेरी गालांचा चिमुकला पक्षी जुन्या जुनिपरच्या सालीच्या पट्ट्यांनी घरटं बांधतो. तो वीण घालतो फक्त टेक्सासात, आणि 1990 पासून संकटग्रस्त यादीत आहे. मग कोवळी झाडं काढली, उतारावरची जुनी राखली. तोडलेल्या फांद्या ओघळींत आडव्या टाकल्या, माती थांबली. पाण्याचं टाकं भरतं ठेवलं. पक्षी मोजून वहीत लिहिले. कार्यालयाने विचारलं तर दाखवायला तीच वही.

यंदा एप्रिलमध्ये बाबा आले. आठवडाभर पहाटे आमच्यासोबत टाक्यापाशी बसले. चौथ्या दिवशी वही मागून घेतली आणि मोडी वळणाच्या अक्षरात स्वतः आकडे भरले. निघताना एवढंच म्हणाले, "पडीक नाही रे हे. राखलेलं आहे."

मंडळी, कुणाच्या मुलांनी तिकडे अशी जमीन घेतली असेल, तर एवढं सांगा: गाई विकण्याआधी कागद पाहा. आणि मालक बदलला, की अर्ज नव्याने करावा लागतो.

गणपती बाप्पा मोरया!