जेटीवरून परीक्षकाच्या टेबलापर्यंत

समजा, नाटे गावच्या एका वार्ताहराने खाडीच्या मुखाशी साचलेल्या गाळावर बातमी लिहिली. वर्ष सरलं की तो वर्तमानपत्रांच्या चळतीतून ती शोधून काढतो, कापून कोऱ्या कागदावर चिकटवतो, कोपऱ्यात तारीख घालतो आणि पुरस्कारासाठी रत्नागिरीच्या जिल्हा माहिती कार्यालयात पोचती करतो. राज्य शासनाच्या उत्कृष्ट पत्रकारिता पुरस्कारांत कोकण विभागाचा पुरस्कार शि. म. परांजपे यांच्या नावाचा आहे. महाडला जन्मलेल्या परांजप्यांनी १८९८ साली ‘काळ’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि १९०८ साली त्यातल्याच लेखनापायी त्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली. मोठं नाव आहे ते.

लेखन त्या वर्षी जानेवारी ते डिसेंबरमध्ये छापून आलेलं लागतं. टोपणनावाने लिहिलं असेल तर संपादकाचा दाखला जोडायचा.

खरी पारख यानंतर सुरू होते. परीक्षकाने नाटे बंदर पाहिलेलं असेलच असं नाही. त्याच्यापुढे असतं ते फक्त कात्रण. ‘मच्छीमार हवालदिल’ असा मथळा किनारपट्टीवरच्या कुठल्याही गावाला चालतो. त्यावरून त्याने काय ठरवावं? पण वार्ताहर पहाटे जेटीवर उभा राहिला असेल, ओहोटीमुळे बाहेर खोळंबलेल्या होड्या त्याने मोजल्या असतील, भरतीची वाट बघताना किती बर्फ वितळला हे तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, विचारलं असेल आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचं म्हणणंही घेतलं असेल, तर ती पायपीट ओळीओळीत दिसते. शैलीदार पण ऐकीव मजकुरापेक्षा असं साधं लेखन वरच ठेवायला हवं.

अर्थात तपशीलही रचता येतो. ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये २८ सप्टेंबर १९८० रोजी जॅनेट कूक यांनी हेरॉइनच्या विळख्यात सापडलेल्या आठ वर्षांच्या मुलाची कहाणी लिहिली. सुईच्या खुणांपर्यंतचे बारकावे तिच्यात होते. पुढच्या एप्रिलमध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. प्रवेशिका होती स्थानिक बातम्यांच्या गटात. पुलित्झर मंडळाने ती फीचरच्या गटात हलवली. त्या गटाच्या परीक्षकांनी ती वाचलेलीच नव्हती! दोन दिवसांत पारितोषिक परत करावं लागलं, कारण तो मुलगा अस्तित्वातच नव्हता. बिंग फुटलं तेही कहाणीमुळे नाही, तर कूक यांनी स्वतःच्या शिक्षणाबद्दल दिलेल्या खोट्या माहितीमुळे. पारितोषिक मग ‘व्हिलेज व्हॉइस’च्या टेरेसा कार्पेंटर यांना देण्यात आलं.

मंडळावर नाणावलेली माणसं होती. तरीही हे घडलं.

म्हणून शेवटच्या फेरीत उरलेल्या दोन-चार प्रवेशिकांसाठी परीक्षकाने एक फोन करावाच, बातमीत नाव असलेल्या तांडेलाला. त्या पहाटे वार्ताहर जेटीवर होता का, होड्या खरोखर अडकल्या होत्या का, हे तो दोन मिनिटांत सांगेल. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तो घरी जाळी दुरुस्त करताना सापडतो. एरवी बोट बंदराला लागून मासळीचा लिलाव आटोपल्यावर.