योगाचा पहिला धडा



आज आम्ही पुस्तकातले सांगणार नाही. आम्ही स्वतः योगासने शिकायला गेलो तेव्हा काय झाले, ते सांगणार आहोत. हसू आले तर खुशाल हसा. आमच्या घरी अजून हसतात.

आमचे गाव शिरूर तालुक्यात. सासुरवाडी दौंड तालुक्यात. मध्ये भीमा नदी. न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाताना पूल ओलांडला, की आम्ही मास्तर राहत नाही, जावई होतो. हे ध्यानात ठेवा.

संयुक्त राष्ट्रे म्हणजे जगातल्या देशांची सभा. तिने 2014 साली ठरवले, की 21 जून हा योग दिवस पाळायचा. 2015 साली तो पहिल्यांदा झाला. रविवार होता, तरी पोरे शाळेत आली. आम्ही हेडमास्तर. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली. पोरांपुढे मागे कसे राहायचे? उताणे पडलो आणि झटक्यात दोन्ही पाय डोक्यामागे टाकले. टाळ्या पडल्या. आणि मानेत अशी उसण भरली, की आठ दिवस कोणी हाक मारली तर सगळे अंग वळवावे लागे. आम्ही ठरवून टाकले, योग आपल्यासाठी नाही. चूक आपली, दोष योगाला!

निवृत्त झालो. कंबर धरू लागली. रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली. मग एके दिवशी मोबाईलवर एक गृहस्थ बोलताना ऐकले. श्वास असा ओढा, पोट असे मारा, गोळ्या फेकून द्या. आम्ही इतकी वर्षे पोरांना सांगत आलो, की छापलेले सगळे खरे नसते. पण बोलके चित्र पाहून आम्हीच भुललो. घरात न सांगता गोळी बंद केली. रोज दोन मिनिटे पोट मारायचो आणि वाटायचे, जिंकलो.

त्याच दिवसांत सासुरवाडीला जाणे झाले. आमच्या मेहुण्याची सून लग्नाआधी पुण्यात योगासने शिकलेली. सकाळी मारुतीच्या सभामंडपात ती गावातल्या बायकांना शिकवी. आम्ही गेलो. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मामा, काही खाल्लंय का?"

जावयाला सकाळी उपाशी कोण ठेवतो? पोहे झाले होते. वर शिरा.

"मग आज नुसतं बघा. उद्या रिकाम्या पोटी या."

जेवणानंतर तीन-चार तास आसने करायची नसतात. आम्ही कोपऱ्यात बसून पाहिले. एक म्हातारी तिला म्हणत होती, "बाई, आम्ही दिवसभर शेतात वाकतो. आम्हाला आणखी कशाला वाकवतीस?" आमच्याही मनात तेच होते. सून म्हणाली, "आजी, खुरपताना पाठ पुढंच वाकते. मागं कधी जाते का? एका हाताला काम, दुसरा नुसता टेकलेला. इथं जे राहून जातं ते करायचं." मग तिने म्हातारीला पालथे निजवले आणि छाती जमिनीपासून वीतभर उचलायला लावली. साप फणा काढतो तसे. म्हणून त्याला भुजंगासन म्हणतात. ते म्हातारीला जमले, आणि तिने आमच्याकडे वळून पाहिले. का पाहिले, ते आम्ही ओळखले.

दुसऱ्या दिवशी उपाशी गेलो. सुनेने विचारले, "मामा, कसली गोळी चालू आहे का?"

"होती."

"होती म्हणजे?"

आता खोटे कसे बोलावे? बारा दिवस झाले होते. तिने वर्ग तिथेच थांबवला. नवऱ्याला हाक मारली. मोटारसायकलवर बसवून आम्हाला दौंडला दवाखान्यात नेले. रक्तदाब निघाला वरचा 180, खालचा 110. डॉक्टर फार रागावले. म्हणाले, गोळी चालू ठेवूनच बाकीचे करायचे. दाब ताब्यात आला की हलकी आसने करा. डोके खाली, पाय वर, असले काही नको. पोट मारणे तर नकोच. घरी बायको दोन दिवस बोलली नाही.

लोणावळा आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथे स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम ही संस्था काढली. आसनाने शरीरात काय होते, हे ते यंत्रे लावून तपासत. ऐकीव गोष्टीवर त्यांनी भागवले नाही. आणि आम्ही मास्तर असून मोबाईलवर भागवले होते!

महिन्याने पुन्हा गेलो. दाब उतरला होता. वाटले, आता खरे आसन शिकवील. तिने घोंगडी अंथरली. डोक्याखाली गोधडीची घडी ठेवली आणि म्हणाली, "उताणे पडा. गुडघे वर घ्या. एक हात पोटावर ठेवा." जावयाला पाटावर बसवायची रीत. इथे जावई घोंगडीवर उताणा, आणि बायका तोंडाला पदर लावून हसतायत. श्वास घेताना पोट वर यायला हवे, सोडताना खाली जायला हवे. आमचे उलटे होत होते. साठ वर्षे श्वास घेतोय, आणि तोच चुकला! कितीदा तरी ती म्हणाली, "मामा, ओढू नका. सोडा." त्या दिवशी एवढेच झाले. पण उठलो तेव्हा खांदे हलके वाटले.

मग खुर्ची आली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचे, मागे सरकायचे, पाठ सपाट करायची. आम्हाला कमीपणा वाटला. तेव्हा तिने बी. के. एस. अय्यंगारांची गोष्ट सांगितली. लहानपणी ते फार आजारी असत. म्हैसूरला बहिणीच्या यजमानांकडे आसने शिकू लागले, तेव्हा वाकल्यावर बोटे जेमतेम गुडघ्यांपर्यंत जात. 1937 साली ते पुण्यात शिकवायला आले आणि पुढे जगभर नाव झाले. खुर्ची, दोरी, पट्टा, घोंगडी यांचा आधार देऊन त्यांनी आजारी माणसांनाही आसने शिकवली. मग आमच्या खुर्चीला नावे कशाला ठेवायची?

कंबर आता रोज धरत नाही. पोते उचलले तर धरते. गोळी चालू आहे. डॉक्टरांनी ती कमी केलेली नाही. वाकल्यावर बोटे पायाच्या अंगठ्याला लागत नाहीत. चार बोटे अंतर राहते. मागच्या दिवाळीला वीतभर होते.

आम्ही येताना घोंगडी आणली आहे. खुर्ची इथलीच घेऊ. बसून ज्याची पाठ अवघडली असेल, त्याने भिंतीशी यावे. गोळी चालू असेल त्याने आधी आमच्या कानात सांगावे. आणि जो जेवून आला आहे, त्याने आज नुसते बघावे.